सावकाराचा सावकार

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. नोकरीच्या काळात त्यांनी एका अमेरिकन मॉर्गेज रीटचे शेअर घेतले होते, ते आता माझ्या नावावर आहेत. ही कंपनी मोठ्या व्यापारी इमारतींवर कर्ज देते. दर तिमाहीला लाभांश येतो आणि चांगला येतो. माझ्या एकूण पुंजीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात अडकला आहे. यंदा पहिल्यांदाच वार्षिक अहवाल उघडून बघितला आणि छातीत धस्स झालं. कंपनीचं स्वतःचं भांडवल १ डॉलर असेल तर डोक्यावर कर्ज साडेतीन डॉलर! शिवाय लोकांना दिलेली कर्जंच तिने बँकांकडे तारण ठेवली आहेत. माझे दीर म्हणतात, ‘वहिनी, ही याची टोपी त्याला घालणारी कंपनी आहे, विकून मोकळ्या व्हा.’ मुलगा म्हणतो, ‘आई, या धंद्यात असंच असतं.’ कर्ज देणाऱ्या कंपनीला स्वतःला कर्ज का लागावं? आणि दुसऱ्याने घेतलेलं कर्ज गहाण कसं ठेवता येतं? मी काय करावं?
— एक भागधारक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही साडेतीनाच्या आकड्याने घाबरलात. मला तुमच्या पत्रातला दुसराच आकडा खटकला, पुंजीच्या तिसऱ्या हिश्श्याचा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण साडेतीनाचा उलगडा आधी झाला नाही तर माझं पुढचं बोलणं तुम्हाला पटायचं नाही.

कर्ज देणाऱ्याला कर्ज का लागावं? बँकेकडे ठेवीदार असतात. तुमच्या कंपनीकडे ते नाहीत, ठेवी घ्यायचा परवानाच तिला नाही. तिची घडण अमेरिकेतल्या १९६० सालच्या एका कायद्यातून आली आहे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या वर्षी सप्टेंबरात त्यावर सही केली आणि ‘रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट’, थोडक्यात ‘रीट’, नावाचा प्रकार जन्माला आला. मोठ्या इमारतींच्या उत्पन्नात लहान गुंतवणूकदारालाही वाटा मिळावा, असा हेतू होता. अट अशी की करपात्र उत्पन्नातला किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटून टाकायचा. जे वाटलं त्यावर कंपनीला प्राप्तिकर लागत नाही. तुमचा लाभांश एवढा घसघशीत दिसतो तो या अटीमुळे. संचालक मंडळ दिलदार आहे असं काही नाही.

आता जो मिळवलेलं जवळजवळ सगळं दर वर्षी वाटून टाकतो, त्याच्या गाठीला काय राहणार? धंदा वाढवायचा तर दोनच वाटा. नवे शेअर विकायचे, किंवा उसने घ्यायचे. शेअरचा बाजारभाव पुस्तकी किमतीच्या, म्हणजे कंपनीच्या हिशेबातल्या किमतीच्या, खाली गेलेला असताना नवे शेअर विकले तर तुमच्यासारख्या जुन्या भागधारकांच्या ताटातलं काढून नव्याला वाढल्यासारखं होतं. म्हणून उसने घेणं ओघानेच येतं. आणि उसने घेताना तारण म्हणून दाखवायला या कंपनीकडे यंत्रं नाहीत, माल नाही, जमीन नाही. तिच्याकडे आहेत फक्त कर्जदारांनी सही करून दिलेली वचनपत्रं आणि इमारतींवरचे गहाणखतांचे हक्क. तीच ती पुढे करते.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. ‘दुसऱ्याचं कर्ज’ असं तुम्ही लिहिलंत, पण ते कर्जदाराचं देणं आहे आणि कंपनीचं येणं आहे. येणं ही मालमत्ताच. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज मिळतं, मुदतठेवीच्या पावतीवर मिळतं, तसंच या येण्यावरही मिळतं. इमारतीच्या मालकाचं यात काही बिघडत नाही. त्याला तोच हप्ता, त्याच तारखेला भरायचा असतो. मूळ कागद मात्र कंपनीच्या कपाटात राहत नाहीत. ते कस्टोडियनकडे, म्हणजे त्रयस्थ रखवालदाराकडे, बँकेच्या वतीने ठेवले जातात. हप्त्याचे पैसेही बहुधा अशा खात्यात जमा होतात जिथे बँकेचा हात आधी पोचतो.

एक हिशेब मांडतो, तो शेवटपर्यंत वापरू. समजा एक इमारत १० कोटी डॉलरची आहे. तुमची कंपनी तिच्यावर ७ कोटी कर्ज देते, दर साडेसात टक्के. हे ७ कोटींचं येणं बँकेकडे तारण ठेवून कंपनी त्याच्या ७५ टक्के, म्हणजे सव्वापाच कोटी उचलते, दर ६ टक्के. कंपनीचे स्वतःचे गुंतले पावणेदोन कोटी. वर्षाला इमारतवाल्याकडून व्याज आलं साडेबावन्न लाख, बँकेला गेलं साडेएकतीस लाख, हातात राहिले २१ लाख. पावणेदोन कोटींवर २१ लाख म्हणजे १२ टक्के. कर्ज न घेता सगळे पैसे घरचेच घातले असते तर साडेसातच टक्के मिळाले असते. तुमच्या लाभांशातला मोठा भाग या फरकातून येतो.

बँक दीड टक्का कमी दराने का देते? ती इमारतीपासून दोन पायऱ्या लांब उभी आहे. १० कोटींची इमारत, बँकेचे त्यात सव्वापाच कोटी. इमारतीची किंमत घसरली तर पहिले ३ कोटी मालकाचे बुडतात, त्यानंतरचे पावणेदोन कोटी तुमच्या कंपनीचे, आणि मगच बँकेला झळ लागते. तुमची कंपनी मधल्या पायरीवर आहे. मधल्या पायरीवर उभं राहण्याचं मोल म्हणून तिला जास्त व्याज मिळतं. याला टोपी फिरवणं म्हणणं बरोबर नाही. टोपी फिरवणारा नव्या सावकाराच्या पैशातून जुन्याचं देणं भागवतो. इथे प्रत्येक उसन्या डॉलरच्या मागे भाडं येणारी इमारत असते. दिरांना एवढं सांगा. पण त्यांच्या मनातली भीती मात्र पोकळ नाही, आणि ती कुठे खरी ठरते ते आता सांगतो.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली, अशा कंपन्यांना पैसे देणाऱ्या बाजूला. तिथे बसून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. कर्ज किती आहे हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ते कर्ज परत मागायचा हक्क कोणाला, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने, हे विचारणारा क्वचित. माझ्या मते तुमच्या अहवालात वाचण्यासारखं जे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

अहवालात ‘रिपर्चेस अ‍ॅग्रीमेंट’ किंवा ‘रेपो’ हा शब्द वारंवार येत असेल. आपल्याकडच्या जुन्या जमीनव्यवहारात ‘मुदतखरेदी’ असायची. कागदावर विक्री, पण ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की जमीन परत. रेपो त्याच जातीचा. कंपनी आपलं येणं बँकेला ‘विकते’ आणि ठरलेल्या तारखेला जरा जास्त किमतीला परत विकत घ्यायचं कबूल करते. किमतीतला फरक म्हणजे व्याज. मग सरळ गहाण का नाही ठेवत, विक्रीचं सोंग कशाला? अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला की सगळ्या धनकोंचे हात कायद्याने बांधले जातात, कोणी जप्ती आणू शकत नाही. रेपोवाल्याचे हात मात्र मोकळे राहतात. तो ताब्यातलं तारण लगेच विकून पैसे वसूल करू शकतो. २००५ साली दिवाळखोरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरांवरची, इमारतींवरची गहाणकर्जंही या सवलतीत आली. बँकांना रेपो आवडतो तो यासाठी. आणि कंपनीला कमी दर मिळतो तोही यासाठीच.

रेपोचा खरा काटा ‘मार्जिन कॉल’मध्ये आहे. आपल्याच हिशेबाकडे या. सहा महिन्यांनी बँक म्हणते, या कर्जाची आजची किंमत ७ कोटी नाही, ६ कोटी ३० लाख आहे. कर्जदाराने एकही हप्ता चुकवलेला नाही, इमारतीत भाडेकरू आहेत, पण बाजार घाबरलेला आहे आणि अशी कर्जं आज कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. ६ कोटी ३० लाखांच्या ७५ टक्के म्हणजे ४ कोटी साडेबहात्तर लाख. तुम्ही तर सव्वापाच कोटी उचललेत. वरचे साडेबावन्न लाख आणून भरा, एक-दोन दिवसांत. कर्जाची किंमत दहा टक्के उतरली, पण रोख मागणी आली कंपनीच्या पावणेदोन कोटींच्या तीस टक्के. एका कर्जावर अशी मागणी आली तर कंपनी सहज भरते. पण बाजार घाबरतो तेव्हा तो एका कर्जापुरता घाबरत नाही. सगळ्या बँकांचे फोन एकाच आठवड्यात येतात, आणि रोख नसेल तर चांगली कर्जं मिळेल त्या भावात विकावी लागतात. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, आणि पुढचा फोन येतो. मी असे फोन केलेले आहेत. पलीकडचा माणूस ‘हप्ते तर वेळेवर येताहेत ना हो?’ असं विचारायचा, आणि त्याचं खरं असायचं. करारात मात्र हप्त्यांचा उल्लेख नव्हता, बाजारभावाचा होता.

२००८ च्या मार्चमध्ये कोसळलेल्या कार्लाइल कॅपिटलची गोष्ट मला या विषयात सगळ्यांत बोलकी वाटते. गर्न्झी बेटावर नोंदलेली, अ‍ॅम्स्टरडॅमच्या बाजारात शेअर असलेली कंपनी. तिच्याकडे साधारण २,१७० कोटी डॉलरचे रोखे होते आणि स्वतःचं भांडवल ६७ कोटींच्या आसपास, म्हणजे मालमत्ता भांडवलाच्या बत्तीसपट. रोखे कसले, तर फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या संस्थांनी मुद्दल-व्याजाची हमी दिलेले, सर्वोच्च मानांकनाचे. सगळं रेपोवर घेतलेलं, थोड्या दिवसांच्या मुदतीचं. बत्तीसपटीला किंमत तीन टक्के हलली की भांडवल साफ. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव उतरले, बँकांनी मार्जिन वाढवून मागितलं, कंपनी भरू शकली नाही, बँकांनी तारण विकायला काढलं, संपलं. गंमत, म्हणजे कडवट गंमत, पुढे आहे. त्याच सप्टेंबरात अमेरिकी सरकारने फॅनी आणि फ्रेडी ताब्यात घेतल्या, आणि त्यांच्या हमीच्या रोख्यांचे पैसे चुकते होत राहिले. म्हणजे कार्लाइल कॅपिटलने जे कागद घेतले होते ते बुडालेच नाहीत. ते कागद हातात धरून ठेवायला लागणारा वेळ तिने विकत घेतला नव्हता.

हे एकदाच झालं असंही नाही. १९९८ साली रशियाने आपलं कर्ज थकवलं आणि जगभरचे रोखेबाजार हादरले. त्या ऑक्टोबरात व्यापारी इमारतींच्या कर्जरोख्यांत असलेली क्रिमी मे ही अमेरिकन कंपनी मार्जिनच्या मागण्यांखाली दिवाळखोरीत गेली. तीही रीटच. मार्च २०२० मध्ये महामारीच्या पहिल्या धक्क्यात नोंदणीकृत मॉर्गेज रीटपैकी काहींनी ‘आम्ही मार्जिन भरू शकत नाही’ असं जाहीर केलं आणि बँकांकडून सबुरीचे करार करून घेतले. २३ मार्चला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, सरकारी हमीचे गहाणरोखे लागतील तेवढे विकत घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या बाजाराला श्वास आला. खासगी, हमी नसलेल्या कर्जांना मात्र ती मदत थेट मिळाली नाही. तुमची कंपनी या दुसऱ्या गटातली, हे ध्यानात असू द्या.

मात्र तुमची कंपनी आणि कार्लाइल एका मापाने मोजू नका. सरकारी हमीचे रोखे घेणाऱ्या रीट भांडवलाच्या साधारण सहा-आठ पट कर्ज घेतात, कारण तारण पटकन विकता येतं. इमारतींवर कर्ज देणाऱ्या दोन ते चार पटीत असतात. तुमचा साडेतीनाचा आकडा या टोळीत वरच्या अंगाला आहे, पण वेडावाकडा नाही.

मार्जिनच्या कलमातही प्रकार असतात, आणि हे अहवालात लिहिलेलं असतं. काही करारांत बँकेला बाजारभाव खाली आला एवढ्यावरून पैसे मागता येतात. काहींत ती मुभा नसते. त्याच विशिष्ट इमारतीचं काही बिघडलं, मोठा भाडेकरू निघून गेला, उत्पन्न घटलं, हप्ता चुकला, तरच किंमत पुन्हा ठरवता येते. पहिल्या प्रकाराला ‘मार्क-टु-मार्केट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘क्रेडिट मार्क’. शब्द दोन, पण घबराटीच्या आठवड्यात फरक जमीन-अस्मानाचा. दुसऱ्या प्रकारचं कर्ज थोडं महाग पडतं. व्यवस्थापन ते महाग कर्ज घेतं की नाही, यावरून मला त्या व्यवस्थापनाचा स्वभाव कळतो.

तिसरी तऱ्हा म्हणजे ‘सीएलओ’. यात बँक बाजूलाच होते. कंपनी वीस-तीस कर्जं एकत्र करून एका वेगळ्या संस्थेत ठेवते आणि त्या संस्थेचे रोखे गुंतवणूकदारांना विकते. रोख्यांना उतरंड असते. सगळ्यांत वरच्यांना आधी पैसे मिळतात, त्यांचा धोका कमी आणि व्याजही कमी. सगळ्यांत खालचा थर कंपनी स्वतःकडे ठेवते. अशा रचनेत अनेकदा कर्जाच्या रकमेच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे उभे राहतात. इथे कोणी फोन करून मार्जिन मागू शकत नाही, आणि रोखे कर्जांच्या फेडीतूनच फिटायचे असल्याने मुदतीची ओढाताण राहत नाही. बुडालं तर रोखेधारक त्या पेटीतल्या कर्जांवरच हक्क सांगू शकतात, कंपनीच्या बाकी मालमत्तेला हात लावू शकत नाहीत.

फुकट मात्र काहीच नसतं. या पेटीला ठरावीक कसोट्या असतात. आत पुरेशी चांगली कर्जं आहेत ना, व्याज पुरेसं येतंय ना. कसोटी नापास झाली की खालच्या थराकडे येणारा पैसा अडवून वरच्यांची फेड सुरू होते. शेताच्या पाटासारखं: वरच्या वाफ्याने दार उघडं ठेवलं की खालचा वाफा कोरडा. खालचा वाफा म्हणजे तुमची कंपनी, आणि पर्यायाने तुमचा लाभांश. म्हणून कंपन्या काय करतात, पेटीतलं थकलेलं कर्ज स्वतःच पूर्ण किमतीला विकत घेऊन बाहेर काढतात, म्हणजे कसोटी पास राहते. बाहेरून सगळं छान दिसतं, पण आजारी कर्ज आता कंपनीच्या घरात आलेलं असतं आणि त्यासाठी रोख खर्च झालेली असते. अहवालात अशी खरेदी वारंवार दिसली तर भुवई उंचवा.

याशिवाय मुदतकर्जं, सुरक्षित रोखे, परिवर्तनीय रोखे असं बरंच काही यादीत दिसेल. त्यात फार खोल जायची गरज नाही. एवढंच बघा की कुठल्याही तारणात न अडकलेली, मोकळी मालमत्ता किती उरली आहे. सगळंच गहाण पडलेलं घर अडचणीच्या दिवशी काय गहाण ठेवणार?

एक कलम मात्र आवर्जून शोधा: ‘रिकोर्स’. एखाद्या बँकेकडचं तारण विकूनही पैसे फिटले नाहीत तर ती मूळ कंपनीच्या मागे लागू शकते का, आणि कितपत? व्यापारी कर्जांच्या रेपोत मूळ कंपनीची जामीनकी बऱ्याचदा २५ टक्क्यांपुरती मर्यादित असते. पूर्ण असेल तर एका बँकेकडची आग सगळ्या घराला लागू शकते. त्याच्या जोडीला ‘क्रॉस डिफॉल्ट’ असतं, म्हणजे एका करारात चूक झाली की बाकीच्या करारांतही ती चूक धरली जाते. दहा बँका आहेत म्हणून धोका दहा ठिकाणी वाटला गेला, असा समज करून घेऊ नका.

व्याजदराचं थोडक्यात. तुमची कंपनी ‘सोफर’वर, म्हणजे डॉलरच्या उसनवारीच्या रोज बदलणाऱ्या संदर्भ दरावर, आधारित बदलत्या दराने देते आणि बदलत्याच दराने घेते. लायबॉर हा जुना दर डॉलरपुरता जून २०२३ अखेर बंद झाला, तेव्हापासून हाच मुख्य. दोन्हीकडे एकच पाया असल्याने दर वाढले तर येणं-देणं बरोबरीने वाढतं, आणि स्वतःच्या पावणेदोन कोटींवर उलट थोडं जास्तच मिळतं. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने आपला दर जवळजवळ शून्यापासून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला, तेव्हा अशा कंपन्यांची मिळकत सुरुवातीला फुगलेली दिसली ती यामुळे. पण तोच वाढलेला हप्ता इमारतीच्या मालकाला भरावा लागतो. भाडं काही सोफरवर वाढत नाही. त्यात घरून काम करण्याच्या सवयीने कचेऱ्यांच्या इमारती ओस पडलेल्या. मालकाने हात वर केले की आपल्या हिशेबातले साडेबावन्न लाख यायचे थांबतात, पण बँकेचे साडेएकतीस लाख द्यावेच लागतात. तुमच्या कंपनीच्या यादीत कचेऱ्यांचा वाटा किती आणि राहत्या घरांच्या संकुलांचा किती, हा आकडा साडेतीनापेक्षा महत्त्वाचा.

मुलाला सोबत घेऊन अहवालाच्या टिपांमध्ये जा, सुरुवातीच्या रंगीत पानांवर वेळ घालवू नका. कर्जांची टीप असेल, तिथे प्रत्येक बँकेच्या नावापुढे मंजूर मर्यादा, उचललेली रक्कम, तारणाची किंमत आणि मुदत संपण्याची तारीख असा तक्ता असतो. मुदतीच्या बाबतीत ‘वाढवून मिळण्याची मुभा’ लिहिलेली असते. ती कंपनीच्या मर्जीने आहे की बँकेच्या, हे बघायचं. बँकेच्या मर्जीने असेल तर ती मुदत धरूच नका. आणि एकूण कर्जातलं किती बाजारभावावर मागता येण्यासारखं आहे याची टक्केवारी बऱ्याच कंपन्या आता स्वतःहून देतात. ज्या देत नाहीत त्यांच्याबद्दल माझं मत जरा वाईटच असतं.

आता तुमच्या तिसऱ्या हिश्श्याकडे. टीप वाचून कंपनी उत्तम निघाली तरीही एवढा वाटा एका शेअरमध्ये ठेवू नका, तोही अशा धंद्यातल्या. या कंपन्या लाभांश कमी करतात तेव्हा एकदम करतात, आणि शेअरचा भावही त्याच सुमारास पडलेला असतो. म्हणजे उत्पन्न आणि मुद्दल दोन्ही एका दमात घटतं. यजमानांनी शेअर घेतले तेव्हा त्यांच्या हाती पगार होता. तुमच्या हाती तो नाही. माझा सल्ला, वर्षभरात तीन-चार टप्प्यांनी विकून हा वाटा दहाव्या हिश्श्यापर्यंत आणा. दिरांच्या म्हणण्यासारखं एका दिवसात सगळं विकायची घाई नको, पण मुलाच्या म्हणण्यासारखं स्वस्थही बसू नका. विकण्याआधी कराचा हिशेब जाणत्या माणसाकडून करून घ्या. आणि तुम्ही अमेरिकेच्या नागरिक किंवा रहिवासी नसाल तर आणखी एक गोष्ट: अशा व्यक्तीच्या निधनानंतर ६० हजार डॉलरच्या वरच्या अमेरिकी शेअरांना तिथला वारसाकर लागू शकतो. यजमानांच्या वेळी ते कागद नीट पुरे झाले होते का, तेही त्याच माणसाला विचारा.

उरलेला दहावा हिस्सा ठेवायचा की नाही, ते त्या तक्त्यावर ठरवा. पुढच्या बारा महिन्यांत मुदत संपणाऱ्या करारांची बेरीज आणि तिच्या शेजारी कंपनीच्या हातातली रोख, एवढे दोन आकडे मुलाला एका कागदावर लिहायला सांगा. तो कागद दिरांपुढे ठेवा आणि मग तिघं पुन्हा बोला.